कटऑफकाका

बारावीचा निकाल लागला की डोंबिवलीत दोघांचा भाव वधारतो, पेढेवाल्याचा आणि कटऑफकाकांचा. पेढेवाल्याचा चार दिवसांत उतरतो. काकांचा पार नवरात्र उलटेपर्यंत टिकतो, कारण काकांचा विषय बी. फार्म., आणि फार्मसीच्या प्रवेशाला घाई म्हणून कसली ती नसते. दिल्लीत फार्मसी कौन्सिलकडे कॉलेजांच्या मंजुऱ्यांचं घोंगडं भिजत पडतं. ते वाळेपर्यंत इकडे इंजिनिअरिंगवाल्या पोरांची सबमिशनं सुरू झालेली असतात. गणपती येतात, जातात. आरतीनंतर प्रसाद घेताना एकच प्रश्न, “काका, दुसरी फेरी कधी?” उत्तर बहुतेक वेळा “वेबसाइट बघत राहा” एवढंच असतं, पण ते काकांच्या तोंडून ऐकलं की आईबापांना बरं वाटतं.

हे काका कुणाचेच सख्खे काका नसतात. वय साठीच्या आगेमागे. नोकरी बँकेत, रेल्वेत नाहीतर मंत्रालयातल्या एखाद्या टपाल शाखेत झालेली. फार्मसीशी त्यांचा संबंध एवढाच, की कधीकाळी त्यांच्या मुलीनं बी. फार्म.ला प्रवेश घेतला होता. ती मुलगी शिकली, आठही सेमिस्टर पार पडली, नोकरीला लागली, लग्न होऊन कोथरूडला गेली. बाप मात्र अजून तिसऱ्या फेरीतच आहे.

काकांच्या हातात बटणाची पारदर्शक फाइल असते. तिच्यात मागच्या तीन वर्षांचे कटऑफ, पाठपोट झेरॉक्स. हिरवा हायलायटर म्हणजे ‘येईल’, पिवळा म्हणजे ‘नशीब’, गुलाबी म्हणजे ‘विसरा’. या याद्यांमधल्या सांकेतिक लिपीवर काकांचं असं प्रभुत्व, की ते आता माणसांनाही त्याच नावानं ओळखतात. जिन्यात भेटलेल्या बाईंना त्यांनी नमस्कार करायच्या आधी विचारलं, “तुमची एल-ओपन-एच ना?” बाई दचकून पदर सावरायला लागल्या. एल म्हणजे लेडीज, ओपन म्हणजे ओपन, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, हा खुलासा दुसऱ्या मजल्यापर्यंत चालला. मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव असतात आणि त्या यादीतला कटऑफ कधीकधी थोडा खाली येतो, हे कळल्यावर बाईंनी काकांना जिन्यातूनच उलटं घरी चहाला नेलं.

फॉर्म हातात असला की माणसाला काहीही विचारायचा परवाना मिळतो, हे काकांनी फार लवकर ओळखलं. एरवी डोंबिवलीत कुणी कुणाला पगार विचारत नाही, जात तर उघडपणे मुळीच विचारत नाही. काका दोन्ही एका दमात विचारतात, “कॅटेगरी कुठली आणि उत्पन्न किती?” ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय त्यांना तोंडपाठ आहे. ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, प्रवेश कॅपमधून, मग मुलीची फी शंभर टक्के माफ. हे ऐकल्यावर बायकोपासून वीस वर्षं पगार लपवलेले गृहस्थ काकांच्या कानात आकडा सांगतात. आमच्या सोसायटीत कुणाचं उत्पन्न किती, कुणाची जात पडताळणी अडकली आहे आणि कुणाच्या दहावीच्या मार्कशीटवर आईचं नाव ‘सुनिता’चं ‘सुनीता’ झालंय, याची एकमेव संपूर्ण नोंद काकांकडे आहे. सेक्रेटरीकडेही नाही.

काकांचा सगळ्यात गाजलेला कार्यक्रम म्हणजे पर्सेंटाइल समजावून देणं. दरवर्षी एखादा बाप पेढा पुढे करत म्हणतो, “चौऱ्याऐंशी टक्के पडले हो सीईटीला!” काका पेढा घेतात, तोंडात टाकतात आणि शांतपणे म्हणतात, “टक्के नाहीत ते. समजा, सकाळी प्लॅटफॉर्मवर शंभर माणसं उभी आहेत. फास्ट गाडी आली. तुमची मुलगी चौऱ्याऐंशी जणांना मागे टाकून आत चढली. हे झालं पर्सेंटाइल. तिला बसायला मिळालं का, तो प्रश्न वेगळा. तो कटऑफचा.” आयुष्यभर सेंट्रल रेल्वेनं गेलेल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. बापाचा चेहरा पडतो, कारण सोळा जण पुढे आहेत म्हणजे काय, ते त्याला पाठीच्या मणक्यापर्यंत ठाऊक असतं.

ठाण्याचे कटऑफकाका जरा निराळे. ते नौपाड्यात नाहीतर घंटाळीच्या आसपास सापडतात आणि बोलायला लागले की माटुंग्याच्या खाली उतरत नाहीत. “आयसीटी, म्हणजे आमच्या वेळचं यूडीसीटी हो, १९३३ चं!” त्यानंतर कलिन्याचं बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी, १९५७ चं. मग फार तर पार्लं. पुढची यादी ते वाचून दाखवत नाहीत, नुसती सरकवतात. कल्याणचे काका याच्या अगदी उलट. कॉलेजांबद्दल त्यांना फारसं देणंघेणं नाही, त्यांचा जीव कागदांत. डोमिसाइल, नॉन-क्रिमी लेयर, तहसील कचेरी, सेतू, प्रांत. कुठल्या खिडकीवरचा माणूस जेवून किती वाजता परत येतो, हे त्यांना ठाऊक. कल्याणच्या काकांनी हात लावलेली फाइल तपासणीत परत आली, असं मी तरी ऐकलेलं नाही. ठाण्याच्या काकांची फाइल परत यायची वेळच येत नाही. ते दुसऱ्याला फॉर्म भरूच देत नाहीत, फक्त इतिहास सांगतात.

डोंबिवलीच्या काकांचा निकष तिसराच, आणि माझ्या मते या सगळ्यांत शहाणपणाचा. कॉलेज कुठल्या दिशेला आहे? सकाळी व्हीटीकडे जायचं असेल तर काका नाक मुरडतात. कर्जतकडे जायचं असेल तर डोळे मिटून मान डोलावतात. “उल्हासनगरचं बघा. स्टेशनच्या समोर. सकाळी गाडी रिकामी, खिडकीशी बसून फार्माकॉलॉजी वाचत जायचं. कर्जतला तर अख्खा चॅप्टर होतो.” एकदा याच हिशेबाच्या भरात ते फार लांब गेले. मुंबई विद्यापीठाची हद्द ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी करत थेट सिंधुदुर्गापर्यंत पोचते. म्हणून एका आईला ते म्हणाले, “सावंतवाडी टाकून ठेवा की, आपलीच होम युनिव्हर्सिटी!” आई म्हणाली, “काका, होम म्हणजे रात्री जेवायला घरी येता येईल असं काही नाही का?”

या दिशेच्या वेडामागची हकीकत काका स्वतः सांगत नाहीत. ती काकू सांगतात, कुकर लावता लावता. लेकीला तेव्हा जवळचं कॉलेज लागलं होतं. काकांनी ऐकलं नाही, वरच्या पसंतीसाठी बेटरमेंट घ्यायला लावलं. पुढच्या फेरीत वरचं कॉलेज लागलं. वरचं लागलं की आधीचं आपोआप जातं, तसं गेलं. कागदावर सगळं उत्तम झालं. “चार वर्षं पोर लेडीज डब्यात एका पायावर उभी राहून कुर्ल्याला गेली,” काकू म्हणतात, “आणि हे आत बसून कटऑफ रंगवतायत.” काका आतून ओरडतात, “कॉलेज चांगलं होतं!” काकू म्हणतात, “कॉलेजला कोण नावं ठेवतंय?”

नातेवाइकांच्या आघाडीवर मात्र काकांइतका खंदा माणूस मिळायचा नाही. फार्मसी म्हटलं की आपल्याकडे पहिली शंका, “नीटमध्ये राहिलं वाटतं?” दुसरी, “म्हणजे मेडिकलच्या दुकानात बसणार?” आणि तिसरी, जी शंका नसून मागणी असते, “मग आता बीपीच्या गोळ्या स्वस्तात मिळतील ना?” काका तिघांनाही एकाच कायद्यानं गार करतात. १९४८ चा फार्मसी कायदा, कलम ४२. डॉक्टरनं लिहिलेलं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी द्यायचं नाही. “डॉक्टरांचं अक्षर देशात कायदेशीरपणे वाचू शकणारा एकमेव माणूस आहे तो!” कायद्यात अक्षराबद्दल असं काही नाही, पण सभेत टाळी मिळते. मग स्वर खाली आणून काका पुस्ती जोडतात, की कुठंकुठं सर्टिफिकेट भिंतीवर आणि फार्मासिस्ट भिवंडीत असाही प्रकार चालतो, आपल्या मुलीनं तसलं काही करायचं नाही. ज्या मुलीचा अजून फॉर्मसुद्धा भरलेला नसतो, ती हे नुसतं ऐकून घेते.

काका एक गोष्ट मात्र कुणाला सांगत नाहीत. राज्यात फार्मसीच्या जागा दरवर्षी रिकाम्या राहतात. २०१९ साली कौन्सिलनं नव्या कॉलेजांवर पाच वर्षांची बंदी घातली होती. ती न्यायालयात टिकली नाही, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही नाही, आणि मग माळामाळांवर फार्मसीच्या पाट्या उगवल्या. थोडक्यात, ज्याला बी. फार्म. करायचंच आहे त्याला कुठं ना कुठं जागा मिळते. ही बातमी फुटली तर फाइलचं काय होईल, याचा काकांनी विचार केलेला असावा.

यंदा आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलीचा ऑप्शन फॉर्म भरायचा होता. शेवटचा दिवस, संध्याकाळ. लॅपटॉपसमोर मुलगी, शेजारी आई, मागे खुर्चीवर काका, आणि साक्षीदार म्हणून मी. काकांनी पसंतीक्रम कागदावर लिहूनच आणला होता. उल्हासनगर, कर्जत, मग खाली बाकीचं जग. मुलीनं यादी वाचली आणि विचारलं, “काका, बी. फार्म.मध्ये शिकवतात काय नक्की?”

काकांनी फाइल उघडली. हिरवा, पिवळा, गुलाबी, सगळं चाळलं. “ते कॉलेज लागल्यावर सांगतात,” ते म्हणाले.

तेवढ्यात वेबसाइटनं लॉगआउट केलं. पुन्हा आत जायचं तर ओटीपी, आणि नोंदवलेला मोबाइल नंबर बापाचा. बाप त्या घटकेला मुंब्रा आणि दिवा यांच्या मध्ये, दारापासून तिसरा. फोन लागला, म्हणजे ब्लूटूथवर उचलला गेला. आई ओरडली, “ओटीपी आलाय, वाचा!” पलीकडून उत्तर आलं, “फोन पॅन्टच्या खिशात आहे. हात वर आहेत. दिव्याला थोडी माणसं उतरली तर खाली येतील.” दिव्याला उतरली त्याहून जास्त चढली. तोवर ओटीपीची मुदत संपली. काकांनी घड्याळ बघितलं, घाम पुसला आणि डब्यातल्या कुणा अनोळखी माणसाला उद्देशून फोनमध्ये म्हणाले, “भाऊ, यांच्या उजव्या खिशात हात घाला जरा, मुलीच्या ॲडमिशनचा प्रश्न आहे!” दुसरा ओटीपी त्या भाऊंनी वाचून दाखवला. सहाही आकडे बरोबर होते. वर त्यांनी विचारलं, “पीसीबी ना? माझ्या पुतण्याचंही चाललंय. उल्हासनगरचा मागच्या वर्षीचा कटऑफ काय होता हो?” डोंबिवली येईपर्यंत काका त्यांच्याशी बोलत होते.

पहिल्या फेरीची यादी लागली. मुलीला उल्हासनगर लागलं. काका पेढे घेऊन स्वतःच आले. “पहिली पसंती, जागा आपोआप फ्रीज! आता कुणाचं काही चालत नाही. हजार रुपये भरा आणि गप्प झोपा.”

घरात कुणी पेढ्याला हात लावेना. आईनं बापाकडे पाहिलं, बापानं पंख्याकडे.

“पहिली पसंती नव्हती ती,” मुलगी म्हणाली. “तुम्ही गेल्यावर मी क्रम बदलला. वर कलिना टाकलं, मग पार्लं, मग उल्हासनगर. आत्ताच हजार रुपये भरून बेटरमेंट घेतलंय.”

काकांच्या हातातला पेढ्यांचा पुडा तसाच राहिला. “ओटीपी कुणी दिला?”

“मीच,” बाप म्हणाला. “तेव्हा घरी होतो. हात मोकळे होते.”

“कुर्ल्याला उतरायचं माहीत आहे का?” काकांनी मुलीला विचारलं. “तिथला जिना बघितलायस?”

“बघितलाय,” ती म्हणाली. “परवा जाऊन आले. कॉलेजही बघून आले. लॅब मस्त आहे.”

काका जरा वेळ तसेच उभे. मग बसले. पुडा टीपॉयवर ठेवला, फाइलचं बटण उघडलं आणि गुलाबी रंगवलेलं कलिन्याचं पान वर काढलं. चष्मा पुसून त्यातला आकडा पुन्हा एकदा वाचला. मग पार्ल्याचं पान. ते पिवळं होतं.

“वहिनी, चहा टाका,” ते म्हणाले. “आलं घाला. दुसऱ्या फेरीच्या याद्या नेहमी रात्री उशिरा लागतात.”

“काका, दुसऱ्या फेरीला अजून आठवडा आहे.”

“म्हणूनच म्हणतो, आत्ता टाका.”