कार्ड २४ जीबीचं, रॅम ८ची

पुतण्याच्या मुंजीचा व्हिडिओ घरीच एडिट करायचा म्हणून लॅमिंग्टन रोडवर गेलेला गृहस्थ आधी रंगीत दिव्यांचे पंखे पाहतो, मग २४ जीबीचं आरटीएक्स ४०९० कार्ड. रॅमवर येईतो खिसा रिकामा. ८ जीबीवर भागवतो. फुटेज जुन्या हार्ड डिस्कवर, सेकंदाला जेमतेम दीडशे एमबी वाचणाऱ्या. साटा एसएसडी पाचशेच्या वर जाते.

पण ती चमकत नाही!

गंमत पुढेच. कॅमेऱ्याची १०-बिट ४:२:२ एचइव्हीसी फाइल हे कार्ड हार्डवेअरवर डिकोडच करत नाही. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांतल्या ग्राफिक्समधलं क्विक सिंक ते करतं. मात्र पैसे वाचवायला घेतलेल्या ‘एफ’वाल्या प्रोसेसरात तेच नसतं.

तेव्हा आधी ३२ जीबी रॅम आणि एसएसडी घ्या. दिवे दिवाळीत लावता येतील.