नावं ठेवणाऱ्या साहेबांस

साहेब,

कोपरगावहून एका नळवाल्याचा नमस्कार. तुमचं खरं नाव मला ठाऊक नाही, पण तुम्ही ठेवलेली नावं पाठ आहेत. नाना पटोल्यांचं 'अमजद खान' आणि बच्चू कडूंचं 'निजामुद्दीन बाबू शेख'. 2016-17 मध्ये पुढाऱ्यांचे फोन अशा नावांनी ऐकले गेले, हा आरोप पटोल्यांनी 2021 साली विधानसभेत केला. तेव्हा आमच्या दुकानात 'का ऐकले' असं कोणी विचारलंच नाही. विचारलं ते हे, की मग ठाकूर कोण? बारशाला बसलेल्या आत्यालाही असं सुचत नाही हो!

पत्राचं कारण मात्र धंद्याचं आहे. पोलिसांच्या बदल्यांत दलाल फिरतात, असा गुप्त अहवाल 2020 साली फोन ऐकून तयार झाला. मार्च 2021 मध्ये विरोधी पक्षनेते फडणवीस तो घेऊन पत्रकारांपुढे आले. राज्य सरकारने लगोलग गुन्हा नोंदवला. दलालांवर असेल असं मला वाटलं. तो निघाला अहवाल फोडणाऱ्या अज्ञातावर, 1923 च्या गुपितांच्या कायद्याखाली. वर्षभराने पोलीस जबाब घ्यायला फडणवीसांच्या बंगल्यावर गेले. मग सरकार बदललं, तपास सीबीआयकडे गेला. तो अहवाल तयार करणाऱ्या पोलीस अधिकारी रश्मी शुक्लांवरचे पुढाऱ्यांच्या फोन टॅपिंगचे दोन गुन्हे सप्टेंबर 2023 मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले आणि जानेवारी 2024 मध्ये त्या पोलीस महासंचालक झाल्या. गुपितं आपल्या टाकीतून सांडली की गळती, समोरच्याच्या टाकीतून सांडली की झरा!

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सनसाहेबांनी 1971 साली गुपितं फुटू नयेत म्हणून पथक नेमलं, त्याच्या दारावर पाटीच होती 'प्लंबर'. त्यांनी पहिलं काय केलं, तर गुपित फोडणाऱ्या एल्सबर्गच्या मानसोपचारतज्ज्ञाचा दवाखाना फोडला. पुढे वॉटरगेट झालं नि 1974 मध्ये साहेबांची खुर्ची गेली. आमच्या धंद्याचं नाव फुकट बदनाम.

आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं. रस्त्यात पाइप फुटला तर कोणी फोडला याची चौकशी होत नाही. बाया हंडे घेऊन धावतात. मी पाना काढला की ओरडतात, "भाऊ, जरा दम धरा, एवढा हंडा भरू द्या." तुमचं खातं मात्र गुपित फुटताच हंड्याआधी पाना घेऊन आलं.

माणूस लागला तर बोलवा. माझं नाव 'सांभा' ठेवलंत तरी चालेल, फक्त घरी आधी कळवा.

आपला,
एक नळवाला