तीन हजार फुटांवरचा समुद्र

पन्हाळा समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचावर असल्याने समुद्राशी त्याचा काडीचाही संबंध नाही, हे कायद्याने केव्हाच निश्चित केले आहे. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या, म्हणजे व्यवहारात सीआरझेडच्या, 19 फेब्रुवारी 1991 च्या अधिसूचनेने समुद्राची सत्ता भरतीरेषेपासून, म्हणजे उधाणाचे पाणी जमिनीवर जिथवर चढते त्या रेषेपासून, पाचशे मीटर आत आणून थांबवली. पुढे 2019 साली दाट वस्तीच्या किनारी गावांतील बांधकामबंदीचा पट्टा दोनशे मीटरवरून पन्नास मीटरवर आला आणि समुद्राची पातळी वाढत असताना त्याचा दरारा कमी करण्याची किमया राजपत्राने साधली. गडावरील हॉटेलमालकांना ही भरतीरेषा ठाऊक नसली तरी तिच्यापासून ते सुरक्षित आहेत.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मात्र या व्यवस्थेत घोळ घातला. मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत पन्हाळ्याच्या पंगतीला खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे सागरी किल्ले बसवले गेले. सिंधुदुर्गाभोवतीचे पाणी 1987 पासून मालवण सागरी अभयारण्यात मोडते, म्हणजे पन्हाळ्याच्या या नव्या भाऊबंदाच्या अंगणात प्रवाळ आहेत. अशी भावकी पॅरिसमध्ये मान्य होते. मंत्रालयात तिची नोंद घ्यायला रकाना नाही.

भूगोलही कायद्याइतका शिस्तीचा नाही. गडावरचे पाणी उत्तरेला उतरले तर वारणेला मिळते आणि दक्षिणेला उतरले तर कासारीला. कासारीचे कुंभी, तुळशी, भोगावतीसह पंचगंगेत रूपांतर होते, पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत जाते, वारणा त्याआधीच हरिपूरला गेलेली असते, आणि कृष्णा कर्नाटक, तेलंगण, आंध्र पालथे घालून बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिमेचा अरबी समुद्र शेजारी असताना त्याच्याकडे पाठ फिरवून अख्खे द्वीपकल्प ओलांडणाऱ्या या पाण्याबरोबर तीन दरवाजाच्या तटावरून एखाद्या दुर्गप्रेमीने भिरकावलेली प्लास्टिकची बाटलीही प्रवासाला निघू शकते, आणि तिला वाटेत कोल्हापूरचे सांडपाणी व इचलकरंजीच्या कापड प्रोसेसर्सचे रंगीत पाणी अशी भारदस्त सोबत लाभते. पंचगंगेवरील तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेले मासे तरंगू लागले की पाण्याचे नमुने घेतले जातात, नोटिसा निघतात आणि पुढच्या खेपेच्या माशांना मरायला जागा मोकळी होते. शेवटी कृष्णेच्या मुखाशी ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, बसवलेल्या या कासवाच्या पोटात ती बाटली गेल्यास गुन्हा पन्हाळा पोलिस ठाण्याच्या हद्दीत नोंदवायचा की आंध्रात, यावर 1972 चा हा कायदा सुसंस्कृत मौन पाळतो.

समुद्राने अर्थात परतीची वाटही शोधली आहे, आणि ती आकाशातून जाते. अरबी समुद्र तापू लागला की बाष्प वाढते आणि त्यावरून येणारे मोसमी वारे लहरी होतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिले, की मध्य भारतातील अतिवृष्टीच्या व्यापक घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्या आहेत. घाटमाथ्याने याचा अनुभव अहवालाची वाट न पाहता घेतला. धोक्याची पातळी 43 फूट असलेल्या पंचगंगेने 2019 आणि 2021 मध्ये पंचावन्न फुटांची मर्यादाही ओलांडली, आणि जुलै 2021 मध्ये पन्हाळ्याचा मुख्य रस्ताच खचून गडाची वाहतूक बंद पडली. ज्या गडाला सिद्दी जौहरने चार महिने वेढा घालून पाहिला, त्याची वाट पावसाने अडवली, तीही सीआरझेडची कोणतीही परवानगी न घेता.

हा डोंगर राखण्याचा मार्ग शासनाला ठाऊक नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. माधव गाडगीळ समितीने 2011 मध्ये तो सांगितला, तो पचला नाही म्हणून कस्तुरीरंगन गटाने 2013 मध्ये पातळ करून सांगितला, आणि 2014 पासून पश्चिम घाटातील पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचे, म्हणजे खाणकाम, वाळूउपसा आणि अतिप्रदूषक उद्योगांना मनाई असलेल्या टापूचे, मसुदे निघत आहेत. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यात 17,340 चौरस किलोमीटर येतात. मसुदा ठरलेल्या मुदतीत अंतिम झाला नाही तर तो बाद होतो व दुसरा काढावा लागतो. सहावा 31 जुलै 2024 रोजी, वायनाडमध्ये दरड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी निघाला. या पद्धतीचा एक फायदा अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेला दिसतो: कायदा मोडता येतो, मसुदा मोडता येत नाही. किनाऱ्याची अधिसूचना आणि घाटाचा मसुदा ही दोन्ही 1986 च्या एकाच पर्यावरण संरक्षण कायद्याची अपत्ये असली, तरी त्यांची एकमेकांशी ओळख करून देण्याचे काम अद्याप कोणत्याही कक्षाकडे सोपवलेले नाही.

प्रत्येक मसुद्यावर साठ दिवसांत हरकती मागवल्या जातात. गावे वगळण्याची मागणी राज्ये करतात आणि तिचा सहानुभूतीने विचारही होतो. अरबी समुद्राने मात्र सहापैकी एकाही मसुद्यावर लेखी हरकत घेतलेली नसल्याने त्याची संमती गृहीत धरण्यास प्रत्यवाय नसावा.