पायी येणाऱ्यांनी कृपया येऊ नये

2 ऑक्टोबर 2022. मध्यरात्रीचा एक वाजला होता आणि पुणेकर जागे होते. चांदणी चौकातला पूल पडताना पाहायचा होता. महिनाभर आधी नोएडातले जुळे मनोरे ज्या कंपनीने काही सेकंदांत जमीनदोस्त केले, तिच्याकडेच हे काम होते. सहाशे किलो स्फोटके भरली, उलटी मोजणी झाली, बार उडाला. धुरळा बसल्यावर पाहतात तो काय, पुलाचा सांगाडा जागच्या जागी! आत अपेक्षेपेक्षा जास्त लोखंड निघाले म्हणे. शहरातले एक तरी काम नेकीने झाले होते, हे आपल्याला ते पाडायला गेल्यावर कळले. शेवटी यंत्रे लावून त्याचे लचके तोडावे लागले.

तशी तिथली कोंडी वर्षानुवर्षांची. मुळशी, कोथरूड, बावधन, वारजे, एनडीए अशा सगळ्या बाजूंची वाहने इथे मुंबई-बेंगळुरू महामार्गाला येऊन भिडायची आणि तिथेच नांदायची. नव्या प्रकल्पाचे भूमिपूजन 2017 सालीच उरकले होते. पण 2022 च्या ऑगस्टमध्ये साताऱ्याकडे निघालेले मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचा ताफा या कोंडीत सापडला, आणि पुढच्या सव्वा महिन्यात पुलाखाली सुरुंग लागले. यातून वाहतूकशास्त्राने घ्यावा तो बोध असा, की दर आठवड्याला एकेका चौकात एकेक मुख्यमंत्री अडकवण्याची सोय झाली, तर सल्लागार कंपन्यांची फी वाचेल.

12 ऑगस्ट 2023 रोजी नितीन गडकरींच्या हस्ते उद्घाटन झाले. खर्च सुमारे 865 कोटी, आठ रॅम्प, आणि सगळे मिळून जवळपास सतरा किलोमीटर रस्ते. एका चौकात सतरा किलोमीटर! सुरुवातीला बावधनला निघालेला माणूस मुंबईच्या दिशेला लागत होता आणि घरी फोन करून सांगत होता की जेवायला थांबू नका. मग पाट्या वाढवल्या, वॉर्डन उभे केले, आणि लोकांना हळूहळू आपापली घरे सापडू लागली.

इंजिनिअरांचे गणित मात्र चुकलेले नाही, ते कबूल करायलाच हवे. साध्या चार रस्त्यांच्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना 32 ठिकाणी भिडतात; कुठे छेदतात, कुठे मिसळतात, कुठे फुटतात. एकपदरी गोल सर्कल केले की 32 चे 8 होतात. रस्ते एकमेकांच्या डोक्यावरून नेले की छेदण्याचा प्रश्नच मिटतो, फक्त मिसळणे आणि फुटणे उरते. भांडण कमी, अपघात कमी, वेग जास्त. कागदावर आराखडा इतका देखणा दिसतो की चौकटीत घालून भिंतीवर लावावा.

एकच बारीकशी गोष्ट. हे 32 म्हणजे फक्त गाड्यांचे.

पहाटे पाचचा सुमार धरा. कोल्हापूरकडची बस महामार्गाच्या कडेला थांबते. क्लीनर दारावर थाप मारून ओरडतो, "चला चांदणी चौक, पटापट उतरा, गाडी थांबणार नाही." एक मावशी उतरतात. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात दोरीने बांधलेला खोका, त्यात बहुधा सुनेसाठी लोणचे. रिक्षा समोर दिसते आहे, हाकेच्या अंतरावर, मध्ये महामार्ग. कमरेएवढ्या दुभाजकाच्या लोखंडी जाळीत कोणीतरी दोन गज वाकवून फट केलेली असते. आधी खोका पलीकडे, मग पिशवी, मग पदर खोचून मावशी. ती फट म्हणजे या चौकातले नागरिकांनी केलेले एकमेव काम. निविदा नाही, भूमिपूजन नाही, आणि वापर रोजचा.

गंमत म्हणजे जुन्या कोंडीत हेच काम सोपे होते. गाड्या बंपरला बंपर लावून उभ्या असत आणि माणूस त्यांच्यामधून, ड्रायव्हरशी दोन शब्द बोलत, आरामात पलीकडे जाई. म्हणजे इतकी वर्षे आपण ज्या कोंडीला शिव्या घातल्या, तीच पादचाऱ्यांची झेब्रा क्रॉसिंग होती. ती सुटली. आता गाड्या सुसाट जातात, म्हणजे प्रकल्प यशस्वी. मावशी मात्र तिथेच उभ्या. (जुना पूल पाडायला मुहूर्त निवडला तोही गांधीजयंतीचा. दांडीपर्यंत पायी गेलेल्या माणसाला याहून मोठे अभिवादन कोणते?)

सरकारी आकडेवारीनुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. त्यातले 32,825 पायी चालणारे होते. पाचातला जवळजवळ एक. पण पादचाऱ्याला नंबरप्लेट नसते, तो टोल भरत नाही, त्याच्यामुळे कोंडी झाल्याची बातमी येत नाही. मग आराखड्यात त्याला कुठे बसवणार? पायी येणाराच मुळात प्रकल्पाच्या उद्दिष्टात बसत नाही. त्याने एक तर गाडी घ्यावी, नाही तर येऊच नये.

उद्घाटनानंतर पादचाऱ्यांची ओरड झाली, तेव्हा पादचारी पुलाची चर्चा निघाली. आपल्याकडे पादचारी पूल ही नेहमीच नंतर सुचणारी गोष्ट असते. आणि त्याचा न्यायही बघा. ज्याच्या इंजिनात दीडशे घोडे आहेत, त्याने सपाट रस्त्याने सरळ जायचे. ज्याच्या गुडघ्याची वाटी झिजली आहे, त्याने खोका डोक्यावर घेऊन दोन मजले चढायचे आणि दोन मजले उतरायचे. लिफ्ट? असते ना. नकाशात तर असतेच.

तेव्हा पुढचा चौक फोडायला घेण्याआधी एक विनंती आहे. आराखड्यावर ज्यांच्या ज्यांच्या सह्या लागतात, त्या सगळ्यांनी एकदा पहाटेच्या बसने येऊन चांदणी चौकात उतरावे. दोन्ही हातांत सामान असावे. समोरची रिक्षा गाठावी, आणि मगच सही करावी. सरकारी गाडी मागवू नये.