व्हिविडकाका

मे संपत आला की आमच्या सिडनीच्या वेस्टमीडमधल्या मराठी घरांत कपाटाच्या वरच्या खणातून स्वेटर निघतात आणि पाठोपाठ व्हॉट्सॲपवर काकांचा नकाशा येतो. नकाशा 'व्हिविड सिडनी' या दिव्यांच्या उत्सवाचा. त्यात काकांनी स्वतः रंग भरलेले असतात. हिरवा म्हणजे विनामूल्य, लाल म्हणजे तिकीट. लाल ठिपक्यांखाली एक ओळ असते : 'इकडे फिरकू नये.' खाली कार्यक्रम : 'मंगळवार. दु. ४.३० वेस्टमीड स्टेशन. डबा आमच्याकडून. उशीर करणाऱ्यांनी आपापले यावे.'

शनिवारी का नाही, असं एका नवीन जोडप्याने विचारलं होतं. काकांनी त्यांना गर्दीचं शास्त्र समजावलं. शुक्रवार-शनिवार नवशिक्यांसाठी. सोमवार ते बुधवार जाणकारांसाठी. सगळं जग सर्क्युलर कीला उतरतं आणि ऑपेरा हाऊसपाशी अडकतं, म्हणून आपण विनयार्डला उतरायचं, जमिनीखालच्या वाटेने बारांगारूला निघायचं आणि उलटीकडून चालत यायचं. वाटेत फुकटची स्वच्छतागृहं कुठे आणि त्यातलं कोणतं गरम पाण्याचं, हेही काकांना पाठ आहे. मुलांनी त्यांचं नाव व्हिविडकाका ठेवलं ते उगीच नाही.

काका आपल्याकडच्या वीज खात्यातून निवृत्त झालेले. २००५ नंतरची भारनियमनाची ती वर्षं आठवतात ना? तालुक्यात कुठल्या भागाची बत्ती किती वाजता गुल करायची, हे वेळापत्रक काकांच्या टेबलावरून जायचं. एकदा मोर्चा आला आणि पुढाऱ्याने फोटोग्राफरसमोर काकांच्या हातात पेटता कंदील ठेवला. त्या फोटोचं कात्रण काकूंनी लॅमिनेट करून आणलंय. पाहुणे आले की त्या ते दाखवतात, आणि काका म्हणतात, "अर्ध्या तालुक्याच्या शिव्या खाल्ल्यात मी. पण कंदील परत नाही केला." पुढे मुलाकडे कायमचे राहायला आले, आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांना कळलं की इथलं राज्य सरकार तीन आठवडे रोज संध्याकाळी सहा ते अकरा अख्खं बंदर उजळून ठेवतं आणि बघायचे पैसे घेत नाही. त्या दिवसापासून त्यांनी ऑस्ट्रेलियाला माफ केलं. थंडीबद्दलही.

जूनमध्ये इथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. बारांगारूच्या दगडी पायऱ्यांवर आम्ही कुडकुडत बसतो. काकूंच्या डब्यातून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासातून आल्याचा चहा निघतो. पलीकडे फूड ट्रकची रांग असते, वासही छान येतो. एकदा माझ्या मुलाने तिकडे नुसती मान वळवली, तर काका म्हणाले, "बाळा, त्या एका बर्गरात आपली आठवड्याची भाजी येते." मुलाने दशमी खाल्ली. बरोबर सहाला दिवे लागतात, आणि काका घड्याळ बघून मान हलवतात. वेळेवर वीज आली की त्यांना अजूनही आधी संशय येतो.

मग चालणं. डार्लिंग हार्बरचा भाग धरला तर सगळी वाट सहा-सात किलोमीटर भरते. काकांचा शिरस्ता असा की पुण्यात गणपतीचे देखावे बघायला निघाल्यासारखं एकही सोडायचं नाही. प्रत्येक कलाकृतीपाशी थांबायचं, पाटी वाचायची, चष्मा वर करून पुन्हा वाचायची. पाटीवर कलाकाराने 'माणूस आणि अवकाश यांच्यातला संवाद' वगैरे लिहिलेलं असतं. काका ते मोठ्याने मराठीत सांगतात, आणि मग आपला अभिप्राय देतात : "पैसे वसूल!"

"पण काका, पैसे कुठे दिले आपण?"

"मुलगा टॅक्स भरतो ना!"

लोक कलाकृतीकडे समोरून बघतात, काका मागून बघतात. केबल कुठून आली, जोड नीट झाकलाय का, पावसाचं पाणी शिरेल का. गेल्या वर्षी रॉक्समध्ये एका जागी जमिनीवर काचेसारख्या गोल चकत्या मांडल्या होत्या. त्यांवर पाय ठेवला की खालून रंग उमटायचा, दोघं उभे राहिले की दोन रंग मिसळायचे. लहान मुलांची रांग होती. काका त्या रांगेत उभे राहिले, पुढे-मागे पाच-सहा वर्षांची पोरं. पाळी आली तसे खाली बसून त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट कडेला नीट जोडून ठेवले आणि लोकरी मोज्यांनी चकतीवर चढले. नारिंगी रंग आला. दुसरीवर गेले, निळा. मग चक्क उडी मारली. शेजारच्या चिनी आजोबांनी ते बघितलं आणि तेही आपले बूट काढायला बसले. दोन मिनिटांत तिथे बुटांची ओळ लागली. पिवळ्या जॅकेटवाली स्वयंसेविका 'बूट काढायची गरज नाही' असं सांगत होती, पण तोवर कोणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. काकूंनी मात्र बुटांवर नजर ठेवली. "एवढ्या उजेडातसुद्धा चोरी होते," त्या मला म्हणाल्या.

ऑपेरा हाऊस दिसू लागलं की काकांचा आवाज अर्ध्या पट्टीने चढतो. इथे ते आमचं ऐकत नाहीत, आम्ही त्यांचं ऐकायचं. २००९ साली पहिल्या व्हिविडला कलाकार ब्रायन ईनोने छताची ही शिडं प्रकाशाने रंगवली, ती काकांनी पाहिलेली नाहीत, आणि ही एकच खंत ते उघड बोलून दाखवतात. बाकी सगळी वर्षं त्यांच्याकडे हजर. "२०१६ला इथल्या मूळ रहिवासी चित्रकारांचं काम होतं, तसं पुन्हा होणे नाही. २०२३ला जॉन ओल्सेनची चित्रं, बिचारा काही आठवडे आधीच गेला. आणि कोविडची दोन वर्षं तर विचारूच नकोस." यंदाचं कसं आहे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "ठीक आहे. पण पूर्वीची मजा नाही." हे ते तोंडाचा आ वासून शिडांकडे बघत बघत म्हणतात.

मग पाठ फिरवून पलीकडच्या तीरावर, क्रूझ बोटींच्या टर्मिनलकडे बोट दाखवतात. प्रोजेक्टर तिकडे. एवढ्या लांबून पाण्यावरून प्रकाश येतो आणि शिडांच्या प्रत्येक बाकावर अचूक बसतो, कारण इमारतीचा आकार आधी संगणकात घेतलेला असतो. शिडांवर दहा लाखांहून जास्त फरशा, काही चकचकीत पांढऱ्या, काही मंद सायीच्या रंगाच्या, म्हणून उजेड डोळ्यांत घुसत नाही. पण काकांचा आवडता भाग हिशेबाचा. इमारतीचं अंदाजपत्रक ७० लाख डॉलरचं, खर्च झाला १० कोटी २० लाख. "आणि बरेचसे पैसे आले लॉटरीतून! आमच्या खात्यात एका ट्रान्स्फॉर्मरचं बजेट एवढं वाढलं असतं, तर तीन चौकश्या लागल्या असत्या." वास्तुविशारद उट्झन १९६६मध्ये काम अर्धवट सोडून गेला आणि पूर्ण झालेलं बघायला कधी आलाच नाही, हे सांगताना मात्र ते हिशेबाचं बोलत नाहीत. "एकदा तरी यायला हवं होतं रे त्याने. तिकीटसुद्धा नाही."

यानंतर ग्रुप फोटो. अनोळखी माणसाला पकडायचं, फोन द्यायचा, फोटो बघायचा, "शिडं कापली" म्हणून दुसऱ्याला पकडायचं. काकू सगळ्या फोटोंत डोळे मिटलेल्या असतात. त्यांचं म्हणणं, पाय दुखतात, तेवढीच विश्रांती.

परतीच्या गाडीत सगळे पेंगतात. काका खिडकीतून उपनगरांकडे बघत उद्याची आखणी सांगत असतात. एका वर्षी बोटॅनिक गार्डनमधल्या दिव्यांना तिकीट होतं, लाल ठिपका, पण कुंपणाच्या एका कोपऱ्यातून 'बऱ्यापैकी दिसतं' असं त्यांना खात्रीलायक कळलं होतं.

मागच्या मंगळवारी घरापाशी पोचलो तर अकरा वाजून गेले होते. फाटकातूनच काकांना दिसलं आणि ते जागीच थबकले. ओसरीवरचा दिवा चालू, हॉलमधला चालू, वरच्या खोलीतलाही.

"हे सगळे दिवे कोणी चालू ठेवले?" काका गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. "युनिटचा भाव माहितीये का कोणाला?"

"मी ठेवले," काकू किल्ली शोधत म्हणाल्या. "म्हटलं, एक तरी देखावा घरचा असू दे."