एक अदखलपात्र वाहन

पुणं हे एके काळी सायकलींचं शहर होतं, हे वाक्य हल्ली चारचाकीतून हिंडणारी माणसंच जास्त म्हणतात. काच वर, एसी सुरू आणि सिग्नलला अजून शंभर सेकंद बाकी असले, की हमखास हा विषय निघतो. आम्ही ऑफिसातले चौघे एकाच गाडीतून जायचो. त्यात मी मागे, मधल्या जागेवर. एका संध्याकाळी स्वारगेटला गाडी तसूभरही हलेना, तेव्हा मी बोलून गेलो, “उद्यापासून मी सायकलनं येतो.” बाकीचे इतके खूश झाले, की माझा मलाच अभिमान वाटला. त्यांना माझ्या निर्धारापेक्षा मधली जागा मोकळी झाल्याचा आनंद जास्त होता, हे पुढं कळलं.

राहायला धनकवडी, ऑफिस शिवाजीनगर. सायकलच्या दुकानात “वापर काय?” असं विचारलं. मी म्हणालो, “रोज ऑफिसला.” दुकानदारानं एकदा माझ्या पोटाकडे पाहिलं आणि एकवीस गिअरची सायकल पुढं केली. कॅरिअर नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही, चेनकव्हर नाही. जे जे नाही त्याचे पैसे जास्त. सोसायटीच्या फाटकाशी वॉचमननं विचारलं, “केवढ्याला, साहेब?” आकडा ऐकून तो म्हणाला, “एवढ्यात सेकंडहँड ॲक्टिव्हा आली असती की.” तळमजल्यावरच्या जोशीकाकूंपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांचं गणित शेवटी ॲक्टिव्हावरच येऊन थांबलं. आमच्या सोसायटीत एकमत झालेला हा पहिलाच विषय.

माझ्या वडिलांच्या काळी असं नव्हतं. त्यांच्या सायकलीला पालिकेचा बिल्ला असे. अंधार पडल्यावर दिवा नसला, की पोलीस शिट्टी मारून थांबवायचा आणि चाकातली हवा सोडायचा. डबलसीट सापडलं, की दंड. वडील हे सगळं अजूनही तक्रारीच्या सुरात सांगतात, पण मला त्यात थाट दिसतो. पोलीस थांबवतो म्हणजे तुमची दखल घेतो. पुढं १९७२ साल आलं. त्याच वर्षी आकुर्डीची चेतक निघाली आणि कायनेटिकची लुनाही. चेतकसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघत बसले. लुनाला तर पायडलही होती, म्हणजे सायकलवाल्याला पक्षांतर केल्याची टोचणी नको. पेठाच्या पेठा हळूहळू पायडलवरून पाय काढून मोकळ्या झाल्या. मी मात्र चांगलं अर्धशतक उलटल्यावर त्यावर पाय ठेवला, तोही एकटाच.

सकाळचा प्रवास फारच सुखाचा. धनकवडीहून सातारा रस्त्याला लागलं, की स्वारगेटपर्यंत उतारच. डावीकडे तळजाईची टेकडी, पुढं पर्वती, आणि पाय हलवायची गरज नाही. या उताराचा फायदा घेणारा मी पहिला नव्हे. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून पाणी जमिनीखालच्या नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत नेलं, वाटेत पेठांतले हौद भरत. ना पंप, ना मोटार. नुसत्या उतारावर इतकी वर्षं शहराला पाणी प्यायला मिळालं. पहिल्या दिवशी या ऐतिहासिक उताराच्या भरवशावर मी ऑफिसात वीस मिनिटं आधी पोचलो आणि ‘व्यायामाचा काही त्रासच होत नाही’ असं सगळ्यांना सांगत सुटलो. पेशव्यांच्या पाण्याला संध्याकाळी परत कात्रजला जायचं नसे, हा मुद्दा माझ्या लक्षात सहा वाजता आला.

सातारा रस्त्याला सायकल ट्रॅक आहे. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी आली, तेव्हा बसला वेगळा रस्ता आणि कडेनं सायकलला वेगळा रस्ता अशी ती योजना होती. पुढं २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेनं सबंध शहराचा सायकल आराखडाच मंजूर केला. त्यात ८०० किलोमीटरहून मोठं जाळं आहे. त्याच महिन्यात विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सायकली आल्या, मग रस्त्यांवरही पिवळ्या आणि नारिंगी सायकली रांगेनं उभ्या राहिल्या आणि काही काळानं जशा आल्या तशा नाहीशा झाल्या. आराखडा मात्र जागेवर आहे. कागदावर सायकल चालवायला पुण्यासारखं शहर नाही.

माझ्या वाट्याचा ट्रॅक मी आता घरातल्या अंधाऱ्या जिन्यासारखा ओळखतो. सुरुवातीलाच विजेचा डीपी. त्याला वळसा घातला, की रसवंती, आणि तिची बाकडी बरोबर ट्रॅकच्या लाल फरश्यांवर. रसवंतीवाला सज्जन आहे. मी आलो, की गिऱ्हाइकांना पाय वर घ्यायला सांगतो. मग बसथांबा, मग एक गुलमोहर, मग ‘फक्त सायकलींसाठी’ असं लिहिलेला खांब, तोही ट्रॅकच्या मधोमध. मोटारसायकली घुसू नयेत म्हणून पुढं आणखी लोखंडी खांब रोवलेत. त्यांतून बुलेट सहज निघते, माझं रुंद हँडल मात्र अडकतं. एकदा मी उतरून, सायकल उभी-आडवी करून ती त्या खांबांतून काढत होतो, तेवढ्यात मागून हॉर्न. स्कूटरवर तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली एक मुलगी. म्हणाली, “काका, रस्त्यानं जा ना, इथं कशाला आणलीत सायकल?” मी तिला तो फलक दाखवला. तिनं तो शांतपणे वाचला आणि म्हणाली, “हो, पण ते सगळं जुनं आहे.”

तेव्हापासून मी रस्त्यानं जातो. संध्याकाळी परतताना नवा पूल ओलांडला, की शिवाजी रस्ता. तो एकदिशा असल्यानं सगळं शिवाजीनगर आपल्याच मागं लागल्यासारखं वाटतं. बघण्यासारखं या रस्त्यावर काय नाही! शनिवारवाडा आहे, दगडूशेठचा गणपती आहे, पुढं मंडईची १८८६ ची दगडी इमारत आहे. मला यातलं जे दिसतं ते साधारण असं: सिटी बसची मागची काच, त्यावरची क्लासची जाहिरात, टेम्पोचा ताडपत्री बांधलेला ढुंगणाचा भाग आणि त्यावरची ‘आईचा आशीर्वाद’ ही पाटी. मंडई मला वासावरून कळते. मोगरा संपून कोथिंबीर सुरू झाली, म्हणजे मंडई. मोगऱ्यापाशी, म्हणजे दगडूशेठला, समोरची सगळी वाहतूक एकाएकी मंदावते. प्रत्येक दुचाकीवाला हँडलवरचा एक हात उचलून छातीला लावतो आणि त्याच अवस्थेत डावीकडे सरकतो. डावीकडे मी असतो. गणपतीला नमस्कार करणाऱ्याला शिव्या देता येत नाहीत, म्हणून मीही एक हात छातीला लावतो आणि गटाराच्या झाकणावर जातो.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला मोठाले खिळे आहेत. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून ते बसवलेले. या दरवाजासमोरून जाताना मला रोज वाटतं, की वाडा बांधणाऱ्यांना रहदारीची खरी समज होती. अंगाला खिळे असले, की रिक्षासुद्धा हातभर लांबून जाईल. माझ्याकडे खिळ्यांच्या जागी हेल्मेट आहे. आणि हेल्मेटसक्तीच्या विरोधात ज्या शहरानं कृती समिती काढली, त्या शहरात सायकलवर हेल्मेट घालणं म्हणजे स्वतःहून करमणुकीचा विषय होणं. नव्या पुलावर एका दुचाकीवरचे तिघं, तिघंही बोडके, माझ्या शेजारून जाताना ओरडले, “काका, विकेट सांभाळा!”

खरी अडचण सिग्नलला. लाल दिवा लागला, की मी पांढऱ्या रेघेच्या मागं थांबतो. यामुळे माझ्या मागच्या सगळ्यांचा गैरसमज होतो. सायकलवाला थांबला म्हणजे त्याची चेन पडली असणार. एक-दोघं तर उतरून चाकाशी बसले. “चेन ठीक आहे, सिग्नल आहे,” असं म्हटलं, की ते माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात, तशी नजर मी पूर्वी फक्त इंग्लंडहून परत आलेल्या नातेवाइकांकडे बघताना वापरत असे.

ऑफिसातही तीच गत. पार्किंगच्या पाससाठी फॉर्म होता. त्यात वाहनाचा प्रकार: दुचाकी किंवा चारचाकी. मी दुचाकीवर खूण केली. पुढं नोंदणी क्रमांक. मी ‘नाही’ लिहिलं. विम्याची मुदत. ‘नाही’. पीयूसी. इथं मी स्वतःच्या श्वासाचा विचार करून ‘लागू नाही’ असं लिहिलं. सुरक्षारक्षकानं फॉर्म नीट वाचला आणि सायकल जिन्याखाली, झाडू आणि बादल्यांच्या शेजारी लावायला सांगितली. “तिथं साहेब, कुणी विचारणार नाही.” हेच तर माझं दुखणं होतं. या शहरात मला कुणीच काही विचारत नव्हतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याला वाहन म्हणून यंत्रावर चालणारी गोष्ट लागते. माझ्याकडे यंत्र म्हणून दोन गुडघे, आणि संध्याकाळी पद्मावतीच्या चढावर तेही कुरकुरत बंद पडायचे. तिथं एकदा पांढऱ्या धोतरातले एक आजोबा काळ्या जुन्या सायकलीवर, कॅरिअरला कडब्याची पेंढी लावून, मला मागं टाकून गेले. जाताना “गिअर टाका, गिअर,” असा धीर दिला. मी गिअर टाकला. चेन पडली.

अशा मनःस्थितीत बाजीराव रस्त्यावर ती घटना घडली. मुलीचं भूमितीचं पुस्तक अप्पा बळवंत चौकातून आणायचं होतं, आणि ते मला घरी परतताना शनिवारवाड्यापाशी आठवलं. बाजीराव रस्ता एकदिशा, आणि दिशा नेमकी उलटी. कायद्यानं जायचं, तर शिवाजी रस्त्यानं खाली जायचं आणि बाजीराव रस्त्यानं पुन्हा वर यायचं, म्हणजे सगळ्या पेठांना प्रदक्षिणा. उतरून सायकल हातात धरून जावं, तर फुटपाथवर दुकानांचं सामान आणि सामानावर गाड्या. मी आजूबाजूला पाहिलं, सायकल वळवली आणि कडेकडेनं उलटा निघालो. थोडं पुढं जातोय तोच वाहतूक पोलीस दिसले. त्यांनी माझ्यासारखेच उलटे आलेले तीन-चार दुचाकीवाले बाजूला घेतले होते.

मी स्वतःहून रांगेत उभा राहिलो. छातीत धडधड होती, पण ती आनंदाची. पाकीट काढून ठेवलं. माझा नंबर आला, तेव्हा पोलिसांनी मान वर केली.

“काका, तुम्ही का थांबलाय?”

“मी उलटा आलो. नो एंट्रीतून.”

“बरं, मग?”

“पावती करा.”

त्यांनी हातातलं ई-चलनाचं यंत्र माझ्यापुढं धरलं. “हे गाडीचा नंबर मागतंय. काय टाकू?”

“लायसन्स आहे माझ्याकडे. चारचाकीचं.”

“त्याचं काय करू? तुम्ही चारचाकीत आहात का?” माझ्या मागचा पोरगा म्हणाला, “साहेब, काकांना सोडता आणि आम्हाला हजाराची पावती?” पोलीस म्हणाले, “अरे, मी सोडत नाहीये, मला धरता येत नाहीये!” मी म्हणालो, की निदान चाकातली हवा तरी सोडा, पूर्वी सोडायचे. हे ऐकल्यावर त्यांनी माझ्या तोंडाजवळ येऊन हलकेच वास घेतला.

तेवढ्यात पलीकडच्या कोपऱ्यावर बस आणि टेम्पो यांची जुंपली, आणि त्यांना तिकडे जाणं भाग पडलं. त्यांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मग माझ्या सायकलीकडे. म्हणाले, “काका, एक काम करा. ही सायकल इथं आडवी लावा आणि तुम्ही पाठीमागं उभे राहा. बॅरिकेड दुपारी दुसरीकडे नेलंय.”

मी सायकल आडवी लावली. स्टँड नसल्यानं ती धरून उभं राहावं लागत होतं, म्हणून मी तिच्यापेक्षाही जास्त बॅरिकेडसारखा दिसत असणार. मी हेल्मेट नीट केलं, समोरून उलट्या येणाऱ्यांना हात दाखवू लागलो आणि “नो एंट्री! नो एंट्री आहे!” असं बऱ्यापैकी खणखणीत आवाजात ओरडलो. कुणी वळले, कुणी कुरकुरले, एका बाईंनी तर पत्ताही विचारला. भूमितीचं दुकान बंद झालं. पण अभिमानानं सांगतो, तेवढ्या वेळात बाजीराव रस्त्यावर एकही गाडी उलटी गेली नाही. एक गेली, पण त्यानं आधी “काका, जरा चाक वर घ्या” असं म्हणून रीतसर परवानगी घेतली.