दोन तिकिटं, एक फाईल : कॅन्सरसह परदेशवारीची बालबोध पुस्तिका

प्रस्तावना

अमरावती-अकोल्याकडचं एखादं जोडपं कॅन्सर असताना परदेशी निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ट्रीटमेंटले चाल्ले का जी?" 'नाही, फिरायला' हे उत्तर ऐकायची आपल्याकडे कोणालाच सवय नाही. ते न अडखळता देता यावं, एवढ्यासाठी ही पुस्तिका. सोयीसाठी इथे काकूंना कॅन्सर आहे आणि काकांना काळजी. तुमच्या घरी उलट असेल, तर उलटं करून वाचावं.

धडा पहिला : पात्रता

तुम्ही स्वतःला नवशिके समजता, हा गैरसमज आधी काढून टाका. संध्याकाळी अमरावती एक्स्प्रेसमध्ये बसून सकाळी दादरला उतरलेलं, गाडगेबाबांच्या धर्मशाळेत पिशव्या टेकवून परळला टाटाच्या रांगेत उभं राहिलेलं जोडपं कुठल्या विमानतळाला घाबरणार? अनोळखी शहर, कळत नसलेली भाषा, खिडकी क्रमांक चारवरून अकरावर आणि अकरावरून परत चारवर जाणं, दशम्या-चटणीवर दिवस काढणं, हा सगळा अभ्यासक्रम तुम्ही कधीच पूर्ण केला आहे.

एकच विषय राहिला आहे. रेल्वे कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरमध्ये पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत देते, पण ती उपचाराला किंवा तपासणीला जाण्यासाठी. त्यामुळे गेली काही वर्षं दोघांचा प्रत्येक लांबचा प्रवास एखाद्या रिपोर्टपाशी जाऊन थांबला. पलीकडच्या टोकाला रिपोर्ट नसलेला प्रवास कसा करायचा, हे तुम्ही विसरला आहात. पुढचे सगळे धडे तेवढ्यासाठीच.

धडा दुसरा : परवानग्या

डॉक्टरांची परवानगी सर्वांत सोपी. हॉस्पिटल अकोल्याचं संत तुकाराम असो, नागपूरचं तुकडोजी असो की टाटा, डॉक्टर चारच प्रश्न विचारतात : कुठे, किती दिवस, किती तासांचं विमान आणि पुढची किमो कधी. मग रक्ताचा काउंट पाहतात आणि हो किंवा नाही सांगतात. नाही म्हणाले तर ऐकावं आणि पुन्हा कधी विचारायचं, ते विचारून घ्यावं.

नातेवाइकांची परवानगी मात्र बैठकीशिवाय मिळत नाही. बैठकीत दोन प्रकारचे लोक असतात. पहिला प्रकार अडवणाऱ्यांचा. अकोल्याच्या विहीणबाई म्हणतील, "फिरालेच जायाचं तं चिखलदऱ्याले जा नं बाप्पा! तिकडं कायले?" यांच्याशी वाद घालू नये, चहा द्यावा. दुसरा प्रकार आशीर्वाद देणाऱ्यांचा : "जा माय, पाहून घ्या काय पाहाचं तं." हा जास्त धोक्याचा. याने तुमच्या सहलीला अंत्यदर्शनाची कळा येते. अशा माणसाला लगेच परत येण्याची तारीख सांगावी आणि तिकडून काय आणू ते विचारावं. वस्तू मागितली की तो ताळ्यावर येतो.

घरात गुरुदेव सेवा मंडळाचे कोणी ज्येष्ठ असतील, तर त्यांना आठवण करून द्यावी की तुकडोजी महाराज १९५५ मध्ये जपानला जाऊन आले होते. पुढे महाराजांनाही कॅन्सरनेच गाठलं आणि ११ ऑक्टोबर १९६८ ला ते गेले. जपान आधी आणि आजार नंतर, असा त्यांचा क्रम होता. तुमचा उलटा आहे, एवढंच.

धडा तिसरा : मुहूर्त

पंचांग मिटा, सीबीसी उघडा. किमोचं चक्र २१ दिवसांचं असेल, तर पांढऱ्या पेशी साधारण दुसऱ्या आठवड्यात तळाला जातात आणि तिसऱ्यात वर येऊ लागतात. बऱ्याच जणांना तो तिसरा आठवडा किंवा दोन उपचारांमधली मोठी सुट्टी सोयीची पडते. तुमचा आठवडा कोणता, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

हिमोग्लोबिनही पाहा. उडत्या विमानातली हवा जमिनीवरच्यासारखी दाट नसते, सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावी तितकी विरळ असते. म्हणजे चिखलदऱ्याच्या जवळपास दुप्पट उंची. विहीणबाईंना हे सांगायला हरकत नाही : आम्ही चिखलदऱ्यावरूनच जातोय.

देश निवडताना एक काळजी घ्या. आफ्रिकेतल्या काही देशांसाठी पीतज्वराची लस लागते. ती जिवंत विषाणूंची असल्याने किमो चालू असताना घेता येत नाही. सिंह पाहायचाच असेल, तर सिंगापूरला जा. तिथला सिंहमुखी मर्लायन सिमेंटचा आहे आणि त्याला लस लागत नाही.

धडा चौथा : अंगठा

कॅपेसिटाबिनच्या गोळ्या चालू असतील, तर तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात आणि कधी कधी बोटांचे ठसेच पुसले जातात. ही थट्टा नाही. २००८ च्या डिसेंबरात सिंगापूरच्या ६२ वर्षांच्या एका गृहस्थांना अमेरिकेच्या विमानतळावर चार तास थांबवून ठेवलं होतं, कारण यंत्राला त्यांची बोटं कोरी दिसत होती. त्यांच्या डॉक्टरांनी पुढच्या वर्षी ही हकिकत वैद्यकीय नियतकालिकात छापली आणि अशा रुग्णांनी डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवावं, असा सल्ला दिला. व्हिसासाठी बोटं द्यायच्या आधीच ते पत्र घ्या. राशन दुकानातल्या यंत्राने काकूंना ओळखणं सोडलं असेल, तर तीच पूर्वसूचना समजावी.

केस गेले असतील आणि पासपोर्टवरचा फोटो अंबाड्याचा असेल, तरीही तेच पत्र कामी येतं. नुकतंच रेडिओआयोडीन घेतलं असेल, तर काही विमानतळांवरची किरणोत्सर्ग पकडणारी यंत्रं वाजतात. पत्रात तेही लिहून घ्या.

धडा पाचवा : बॅग

औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, चार दिवस जास्तीची. चिठ्ठीवर ब्रँडचं नव्हे, औषधाचं मूळ नाव हवं. 'आपल्या मेडिकलवाल्याची ती पिवळी गोळी' तिकडे मिळत नाही. मॉर्फिन, ट्रामाडोल, कोडीन यांपैकी काही घेत असाल, तर सिंगापूर किंवा दुबईला निघण्यापूर्वी तिथल्या सरकारचे नियम पाहून परवानगी काढावी लागते. तिथे "दुखते म्हणून घेतो जी" चालत नाही.

आता अनारशांबद्दल. खसखशीला सिंगापुरात आणि अमिरातीत बंदी आहे. मामींनी प्रेमाने दिलेला डबा प्रेमानेच घ्यावा आणि बडनेऱ्याच्या आत संपवावा.

विमा वाचून घ्यावा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतं, पण त्यात कॅन्सर धरलेला असतोच असं नाही. आधीपासूनच्या आजाराबद्दल काय लिहिलंय, ते शोधा. आजार लपवून विमा घेऊ नये, दावा करायची वेळ आली की सगळं उघडं पडतं.

धडा सहावा : विमानात आणि पुढे

कॅन्सरमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, म्हणून लांबच्या विमानात मधूनमधून उठून चालावं, पाणी प्यावं. घट्ट पायमोजे किंवा इंजेक्शन लागेल का, ते आधीच विचारून ठेवावं. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या हाताने बॅग उचलू नये. ती काकांनी उचलावी. व्हीलचेअर तिकिटाच्या वेळीच सांगून ठेवावी आणि काकूंनी तीत बसावं. काकांना बसवून स्वतः मागे चालू नये.

काउंट कमी असेल, तर कच्चं सॅलड आणि कच्चे मासे टाळावेत. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की 'सकाळी पाहू' म्हणायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. म्हणून हॉटेल ठरवताना समुद्र किती जवळ आहे हे काकूंनी पाहावं आणि हॉस्पिटल किती जवळ आहे हे काकांनी.

धडा सातवा : फक्त काकांसाठी

"बरं वाटते ना?" हा प्रश्न दिवसातून एकदाच, नाश्त्यानंतर विचारायचा. दर अर्ध्या तासाने विचारल्यास काकू म्हणतील, "अवो, त्या शिंहाकडं पाहा नं, माह्या तोंडाकडं काय पाहून रायले?" काकूंनीही दमल्यावर दमले म्हणावं. तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून चालत राहू नये. हॉटेलच्या खिडकीशी लोळत काढलेली दुपारही सहलीतच मोजतात.

हॉस्पिटलची फाईल खोलीतल्या तिजोरीत ठेवावी. फाईलीबाहेरचंही काही बोलायचं असतं, हे पहिल्या दिवशी आठवत नाही. दुसऱ्या दिवशी काका भज्यांबद्दल काहीतरी बोलतात. तिसऱ्या दिवशी भांडण होतं, अगदी पूर्वीसारखं, रस्ता चुकल्यावरून. इथे प्रगती झाली असं समजावं.

स्वाध्याय

१. जोड्या जुळवा : खसखस, कोरा अंगठा, दुसरा आठवडा, डॉक्टरांचं पत्र, बडनेरा, घरीच थांबा.

२. चूक की बरोबर ते लिहा : ज्याला बरं नाही, त्याला बरं वाटू नये.

३. एका वाक्यात उत्तर द्या : परतल्यावर शेजारी विचारतात, "मंग, तिकडं काय निघालं?" (नमुना उत्तर : "काई नाई, तिकडं कोणं तपासलंच नाई.")

४. उपक्रम : पुढच्या फॉलोअपची तारीख कॅलेंडरवर लिहा. तिच्यानंतरचा, डॉक्टरांनी मोकळा ठेवलेला आठवडा शोधा. नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही, त्यामुळे बैठक बसायच्या आत जाऊन येता येतं. विहीणबाईंना काठमांडूहून फोन करावा.